पाव वळसा फिरलेली नळी

आमच्या घरातला सर्वांत जुना लेखी दस्तऐवज वडिलांच्या कूलरच्या मागच्या दारावर आहे, आतल्या बाजूने. दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते कूलर अंगणात काढत, पंप साफ करत, पंख्याला तेल देत, वाळ्याच्या ताट्या बदलत आणि काम संपले की त्या दारावर पांढऱ्या रंगाने तारीख घालून सही करत. दारावर त्यांनी दोन रकाने आखले होते. एक ‘काम करणारा’, दुसरा ‘तपासणारा’. पहिल्या रकान्यात सह्यांची रांग होती. दुसरा वरपासून खालपर्यंत कोरा होता. कुणी कारण विचारले तर वडील सांगत, या मशीनची तपासणी करायला अधिकृत माणूस सध्या शहरात नाही.

हे वाक्य माझ्या मामांना उद्देशून असे. मामा बहुधा तिथेच खुर्चीवर बसलेले असत.

वडील हवाई दलात विमानाच्या सांगाड्याचे फिटर होते. सगळी नोकरी त्यांनी रशियन लढाऊ विमानांवर काढली. मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, त्यांच्या मागोमाग हवाई दलात गेले. त्यांच्या वाट्याला इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून काढलेले विमान आले. दोघेही निवृत्त होऊन शहरात परतले. वडिलांनी छावणीला लागून असलेल्या वस्तीत घर बांधले, मामांनी सिडकोत. दर रविवारी सकाळी मामा स्कूटरवर येतात, अंगणात ‘जय भीम, दाजी’ म्हणतात, चहा होतो आणि रशियन विमान बरे की पाश्चात्त्य, या प्रश्नाची सुनावणी मागच्या रविवारी थांबली होती तिथून पुढे सुरू होते. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या तपासण्याचे काम करते. दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय मला नोकरीने लागली असे लोक समजतात. ती या अंगणात लागली.

वडिलांची बाजू अशी. रशियन माणूस विमान काढायला बसतो तेव्हा ते दुरुस्त कोण करणार हे आधी डोळ्यांसमोर आणतो. दुरुस्त करणारा एकोणीस वर्षांचा आहे. सक्तीच्या भरतीत आलेला आहे. बाहेर बर्फ आहे, हातात जाड मोजे आहेत आणि त्याचे लक्ष घराकडे आहे. म्हणून झाकणे मोठी, स्क्रू मोठे, हत्यारे थोडी. शेजारच्या दोन वायरींची टोके मुद्दाम वेगवेगळ्या आकाराची, म्हणजे एकीच्या जागी दुसरी जाणारच नाही. जिथे वाऱ्याला फरक पडतो तिथे पत्रा आरशासारखा. जिथे पडत नाही तिथे पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटचे डोके वर राहिले तर राहू दे, काही रशियन विमानांवर तर ते लांबूनही दिसते. चूक करू नका असे रशियन पुस्तकात लिहीत बसत नाहीत, असे वडील म्हणत. चूक करायला जागाच ठेवत नाहीत. या मुद्द्याचा त्यांनी सिद्धान्त केला होता आणि तो चार शब्दांचा होता: ‘उलटं बसतच नाय, पाव्हणं.’

मामांची बाजू अशी. पाश्चात्त्य माणूस विमान काढतो तेव्हा दुरुस्त करणारा शिकलेला आहे असे धरून चालतो, आणि त्यात त्या माणसाचा मान आहे. प्रत्येक कामाला पुस्तक, पुस्तकात आकृती, आकृतीत बाण. कोणता नट किती जोराने आवळायचा याचा आकडा. इंजिन जास्त तास चालते आणि बाहेर काढायचे तर पोटाखालची दारे उघडून खाली उतरवता येते. रशियन विमानाचे इंजिन काढायला त्याचा मागचा अर्धा भाग सोडवून गाड्यावर मागे ओढावा लागतो. मामा म्हणत, शेपूट तोडल्याबिगर काळीज दिसत नाही, असले कसले जनावर. वडील म्हणत, तोडायचे नाही, सोडवायचे. आणि सोडवलेले पुन्हा बसते हे महत्त्वाचे.

लहानपणी मला या वादातला सर्वांत आवडता भाग क्षितिजाच्या घड्याळाचा होता. ढगात शिरल्यावर विमान कलले आहे की सरळ आहे हे वैमानिकाला एक गोल तबकडी दाखवते. पाश्चात्त्य तबकडीत विमानाची आकृती स्थिर राहते आणि क्षितिजाची रेघ कलते, कारण आत बसलेल्याला तसेच दिसते. वडिलांच्या विमानात उलटे होते. रेघ आडवी राहायची आणि छोटे विमान कलायचे, जसे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला दिसते. मामांचे म्हणणे, विमान चालवणारा जमिनीवर उभा नसतो. वडिलांचे म्हणणे, परत तर जमिनीवरच यायचे असते. हे दोघेही नोकरीभर जमिनीवरच उभे होते, ही गोष्ट दोघांपैकी कुणी कधी काढली नाही.

काही मुद्द्यांवर तह झालेला होता. मामांच्या विमानाचे पाय उंच आणि दणकट, चाके जोडीने, वेळ पडली तर माळरानावरही उतरेल असे. हे वडील मान्य करत आणि पुढे जोडत की त्याचे पाय रशियन आहेत. त्याच्या इंजिनाच्या ताकदीबद्दल मात्र तह नव्हता. तुमचे विमान उडाले नाही तरी धावत धावत पुढच्या गावाला पोचते, असे वडील मामांना सांगत. मामा त्यावर आईकडे कपबशी परत करत आणि विचारत, ताई, आमच्या दाजींना तू कशी काय पसंत पडलीस, तुझ्यावर रिव्हेट तर दिसत नाहीत. आई दोन्ही विमानांना सारखेच मानत असे. तिच्या मते या दोघांनी मिळून आजवर घरातली एक सायकलही दुरुस्त केलेली नव्हती.

ते खरे होते, आणि त्याला कारण होते. हवाई दलात माणूस ज्या विमानावर शिकून परीक्षा देतो त्याच विमानाला हात लावतो. दुसऱ्या विमानावर तो अधिकृत नसतो. शेजारी उभा राहील, हात मागे बांधून. वडिलांनी हा नियम निवृत्तीनंतर घरातल्या वस्तूंना लावला. त्यांचा कूलर त्यांनी स्वतः जाड पत्र्याचा बनवून घेतला होता. त्याचे सगळे बोल्ट एकाच मापाचे, दहा नंबरचा एक पाना असला की पूर्ण कूलर सुटा होतो. मामांकडे प्लास्टिकचा, बटणांचा कूलर होता आणि त्याची माहितीपुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली होती. दोन उन्हाळ्यांमागे त्यातला एक सुटा भाग गेला आणि नवा यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मामा दुपारी आमच्याकडे येऊन रशियन कूलरसमोर झोपले. वडील त्या काळात विमानांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. रोज फक्त पार्ट आला का, एवढे विचारत.

दोन बाबतींत मात्र दोघांची पद्धत एक होती, कारण ती विमानाची नव्हती, हवाई दलाची होती. पहिली, हत्यारांची मोजणी. कामाआधी पांढऱ्या फडक्यावर हत्यारे मांडून मोठ्याने मोजायची, काम झाल्यावर पुन्हा मोजायची, आणि एक जरी कमी भरले तरी ते सापडेपर्यंत कुणी जागेवरून हलायचे नाही. विमानात विसरलेला पाना विमानाबरोबर उडतो. एका पक्कडीपायी आमची सिल्लोडची एसटी चुकली होती आणि एका लग्नात आम्ही वाढप संपल्यावर पोचलो होतो. दुसरी पद्धत सहीची. काम करणाऱ्याने सही करायची आणि दुसऱ्या अधिकृत माणसाने ते तपासून खाली सही करायची. सही झाली नाही तर काम झालेले नाही, मग ते कितीही चांगले झालेले असो.

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. हात मांडीवर ठेवलेला असला की बोटे आपोआप हलत, चिमटीत काहीतरी चोळल्यासारखी. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, गोळ्या दिल्या, हे हळूहळू वाढते असे सांगितले. वडिलांनी ते एखाद्या तांत्रिक अहवालासारखे ऐकून घेतले. गेल्या नोव्हेंबरात ते पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले तेव्हा मी सोबत होते. त्यांनी सही केली. ती आधीच्या सहीशी जुळेना. पुन्हा केली, तीही जुळेना. काउंटरवरच्या माणसाने अगदी नम्रपणे शाईचा पॅड पुढे सरकवला आणि म्हणाला, काका, अंगठा द्या, चालतो.

माझ्या आजोबांनी आयुष्यभर अंगठा दिला. आमच्या घराण्यातली पहिली सही वडिलांची. त्यांनी पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर उमटवला आणि घरी येऊन तो तीनदा साबणाने धुतला. त्या दिवसानंतर त्यांनी हत्यारांची पिशवी उघडली नाही. आईचा मिक्सर बंद पडला, तो बाहेर दुरुस्तीला गेला. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला आणि गेला. कूलर ताडपत्रीखालीच राहिला. मी एकदा विषय काढला. तेव्हा ते म्हणाले, ‘ज्याला सही करता येत नाय त्यानं पाना उचलू नये, बाई.’

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक छोटी बातमी छायाचित्रासह आली. सिल्लोडच्या रस्त्यावर एका शाळेच्या मैदानात सेवेतून निवृत्त झालेले मिग, म्हणजे वडिलांचे रशियन विमान, बसवण्यात आले होते. बातमीत तपासण्यासारखे फार नव्हते. अंक छापून आल्यावर तो मी वडिलांना दाखवायला घरी आणला, त्यांना बरे वाटेल म्हणून. त्यांनी छायाचित्र बराच वेळ पाहिले. मग आईचे भिंग मागवले.

‘नळी फिरलीय,’ ते म्हणाले.

या विमानाच्या नाकातून पुढे एक लांब नळी निघालेली असते. ती समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजते आणि त्यावरून वेग कळतो. नळीवर लहान पाती असतात. त्यांतली जी आडवी दिसायला हवीत ती छायाचित्रात उभी होती. विमान रस्त्याने आणताना ही नळी काढून ठेवतात. परत बसवताना ती पाव वळसा फिरलेली बसली होती. ही गोष्ट त्या छायाचित्रात तांदळाच्या दाण्याएवढी होती. मी स्वतः ते छायाचित्र दोनदा पाहून पानावर सोडले होते.

रविवारी मामांनी अंक पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढेच विचारले की रशियन विमानात कोणतीही गोष्ट उलटी बसत नाही असे आपण तीस वर्षे ऐकत आलो आहोत, तर मग ही कशी बसली. वडिलांनी भिंग पुन्हा हातात घेतले. आईने चहा आणून ठेवला तो तसाच निवला. मामांनाही आपण जिंकल्याचा आनंद फार वेळ टिकवता आला नाही. थोड्या वेळाने ते वडिलांना म्हणाले की छायाचित्र एका बाजूने काढलेले आहे, सावलीने फसवले असेल. वडिलांनी मान हलवली. सावली नव्हती. ते जागेवर जाऊन पाहायला हवे होते.

मी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. त्यांनी शनिवारी यायला सांगितले. विमान उभारणारी मंडळी काम संपवून निघून गेली होती. रंगकामासाठी बांधलेली परांची मात्र अजून नाकासमोर उभी होती. निघताना हत्यारांची पिशवी माळ्यावरून मामांनी काढली. वडिलांनी इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि उजवा हात पँटच्या खिशात ठेवला होता. बाहेर जाताना तो हल्ली तिथेच असे.

विमान सिमेंटच्या तीन खांबांवर होते, चाके जमिनीपासून हातभर वर. नवा रंग चकाकत होता. वडील आधी नळीकडे गेले नाहीत. ते नाकाच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि तिथून विमानाभोवती पूर्ण फेरी मारली, नेमकी त्या क्रमाने ज्या क्रमाने नोकरीत रोज सकाळी मारत. पंखाखाली वाकले, चाकाजवळ थांबले, शेपटीखाली मान वर करून पाहिले. मामा अर्धे पाऊल मागे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. निवृत्तीला इतकी वर्षे झाली होती, विमान शाळेच्या मालकीचे होते, तरी ते त्या विमानावर अधिकृत नव्हते.

फेरी संपल्यावर मामा परांचीकडे वळले. चढायचे त्यांनाच होते, हे न बोलता ठरलेले होते. वडिलांनी त्यांना थांबवले.

‘पाव्हणं, या टाइपवर तुमची परीक्षा झालेली नाय.’

मामा निवृत्त झाले तेव्हा हुद्द्याने वडिलांच्या वर होते. ते परांचीपासून मागे आले आणि सरळ उभे राहिले. वडिलांनी मैदानात त्यांची तोंडी परीक्षा घेतली. नळी धरायची कुठे, कुठे अजिबात धरायची नाही, आवळणारी कडी कोणत्या दिशेने सैल होते, सैल झाल्यावर वजन कोणत्या हातावर घ्यायचे. चौथ्या प्रश्नाला मामा चुकले. वडिलांनी समजावून सांगितले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुख्याध्यापिकांनी दोन खुर्च्या आणवल्या होत्या. त्यांवर कुणी बसले नाही. नऊ प्रश्नांनंतर वडील म्हणाले, ‘चढा.’ मग फडके अंथरले गेले, हत्यारे मांडली गेली आणि दोघांनी एकसुरात नऊपर्यंत मोजली.

कडी सैल व्हायला वेळ लागला. वडील खालून सांगत होते आणि मामा वरून तेच शब्द परत म्हणून मग हात हलवत होते. नळी हातभर पुढे आली. मामांनी तिच्या बुडाशी डोळा नेला, मग बोट फिरवले.

‘दाजी,’ ते म्हणाले, ‘हितं पिन असती का?’

‘असती. एकच. खाचेत बसती.’

‘कापलीय. कानशीचे वळ दिसायलेत.’

वडिलांनी विचारले, ‘म्हणजे बसत नव्हती?’

‘बसत नव्हती, म्हणून कापली.’ मामांनी वरून खाली पाहिले. ‘तुमचं खरं हाय. उलटं बसतच नाय.’

तीस वर्षांच्या खटल्याचा निकाल परांचीवरून लागला. ऐकायला मी आणि मुख्याध्यापिका दोघीच होतो. ज्यांनी ती पिन कापली त्यांच्यावर वडील रागावले नाहीत. त्यांनी खाचेचे माप घ्यायला सांगितले.

पिन बनवून घ्यायला आम्ही सिल्लोडला गेलो. वाटेत मामांनी एक मुद्दा राखून ठेवला. पाश्चात्त्य विमान असते तर नळीवर बाण असता आणि पुस्तकात ‘पिन कापू नये’ असे ठळक छापलेले असते. वडिलांनी विचारले, त्या लोकांनी ते वाचले असते का. मामांनी सिल्लोडच्या मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्यबाजारापर्यंत, विचार केला आणि म्हणाले, नाही.

मोंढ्याच्या मागच्या गल्लीत लेथचे दुकान होते. दारात मका सोलायची दोन मशीन उघडून पडली होती. दुकानाचे मालक वडिलांच्याच वयाचे होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून विचारले, ‘कशाचं हाय, भाईसाब?’ वडील म्हणाले, विमानाचे. ते ‘बरं’ म्हणाले आणि किती मिलीमीटर ते विचारले. जुन्या बोल्टाचा तुकडा लेथवर चढला आणि दहा मिनिटांत पिन तयार झाली. वडिलांनी ती डाव्या तळहातावर घेऊन उजेडात फिरवली आणि एक कड अजून थोडी मारायला सांगितली. मालकांनी मारली. दोघांनीही मग ती पुन्हा पाहिली आणि तेवढ्यावर त्यांचे संभाषण संपले.

नळी दुपारी बसली. पिन खाचेत गेल्याचा बारीक आवाज खालीही ऐकू आला. मामांनी नळी मुद्दाम दुसऱ्या बाजूला फिरवून पाहिली; ती फिरली नाही. पाती आडवी आली. मामा खाली उतरले, फडक्यावर हत्यारे मांडली आणि मोजली. आठ भरली.

पुन्हा मोजली. आठच. तेरा नंबरचा पाना नव्हता. मामा परत वर चढले, परांचीच्या फळ्या उचकटून पाहिल्या, मग विमानाच्या नाकात बॅटरी घालून आत पाहिले. मी गवतात शोधले. मुख्याध्यापिकांनी सुचवले की उद्या माळी साफसफाई करेलच, सापडला की कळवू. वडिलांनी त्यांना समजावून सांगितले की तसे करता येत नाही. शाळा सुटली, मुले रांगेने फाटकाकडे गेली, आणि आम्ही तिघे अजूनही तो एक पाना शोधत होतो. हे विमान आता कधीच उडणार नव्हते, हे तिघांनाही माहीत होते.

अर्ध्या तासाने माझी नजर वडिलांच्या उजव्या खिशाकडे गेली. हात आत होता, तसा तो नेहमीच असे. पण दोन वर्षे मी त्या खिशाचे कापड हलताना पाहत आले होते, आणि आता ते हलत नव्हते. मी मामांना खुणावले. मामा शांतपणे खाली आले.

‘दाजी, खिसा मोजला का?’

वडिलांनी हात बाहेर काढला. मुठीत तेरा नंबरचा पाना होता. सकाळी मामांना देण्यासाठी त्यांनी तो उचलला असावा आणि तिथून तो त्यांच्या हातातच राहिला होता, सिल्लोडलाही जाऊन आला होता. त्यांनी तो फडक्यावर नवव्या जागी ठेवला आणि एकपासून पुन्हा मोजायला लावले. मुख्याध्यापिकांना हसू आवरले नाही, त्या पाठमोऱ्या झाल्या. मामा हसले नाहीत. ते वडिलांच्या हाताकडे पाहत होते. पाना सुटल्यावर बोटे पुन्हा हलू लागली होती.

मामांनी माझ्याकडे वही मागितली. त्यांनी एका पानावर कामाची नोंद लिहिली: नळी काढली, पिन नवी बसवली, नळी जागेवर बसवली, हत्यारे नऊ, नऊ. खाली ‘काम करणारा’ लिहून सही केली. मग ‘तपासणारा’ लिहिले आणि वही वडिलांपुढे धरली.

वडील म्हणाले, अंगठा देतो.

‘इथं अंगठा चालत नाय, दाजी,’ मामा म्हणाले. ‘विमान खालीच राहतं मग.’

वडिलांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिले, विमानाकडे पाहिले, मग पेन घेतले. ते त्यांनी चिमटीत धरले नाही. पान्यासारखे मुठीत धरले. वही मामांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. सहीला पुष्कळ वेळ लागला. अक्षरे मोठी आली, दोन ओळींत मावली नाहीत, शेवटचे अक्षर समासाबाहेर गेले. कोणत्याही काउंटरवर ती सही जुळली नसती. मामांनी चष्मा लावला, वही डोळ्यांजवळ नेली आणि नळीच्या बुडाशी जसे पाहिले होते तसे त्या सहीकडे पाहिले.

‘वाचता येतीय,’ ते म्हणाले. ‘चालंल.’

ते पान मी वहीतून काढलेले नाही.

पुढच्या रविवारी मामा आले तेव्हा कूलरची ताडपत्री निघालेली होती आणि अंगणात पांढरे फडके अंथरलेले होते. वडील दहा नंबरचा पाना मुठीत घेऊन बोल्ट सोडवत होते. काम पूर्वीच्या दुप्पट वेळ चालले. पंपाचा बारीक स्क्रू त्यांना जमला नाही, तो आईने बसवला. तिच्या अधिकृत असण्याबद्दल कुणी प्रश्न काढला नाही. संध्याकाळी दाराच्या आतल्या बाजूला, पहिल्या रकान्यात, वडिलांची सही झाली. ती वरच्या सह्यांच्या तिप्पट मोठी आहे आणि थोडी उताराला लागली आहे.

त्यानंतर त्यांनी मामांना समोर उभे करून कूलरवर प्रश्न विचारले. मामा पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. त्यांनी ब्रश घेतला आणि दुसऱ्या रकान्यात, सगळ्या कोऱ्या वर्षांच्या खाली, सही केली. वडिलांनी ती वाचली, ब्रश परत मागितला आणि मुठीत धरून मामांच्या सहीपुढे, डुगडुगत्या पण स्वच्छ अक्षरांत, स्वतः लिहिले: फक्त या मशीनपुरते.